यंत्र बसले, आता घराने बोलायचे

बंगळूरच्या जे. पी. नगरमधल्या मराठी घरात मूल चार भाषांच्या गलबल्यात वाढते. आजी मराठीत हाक मारते, भाजीवाला कन्नडमध्ये भाव सांगतो, शेजारीण हिंदीत विचारपूस करते आणि शाळेतल्या बाई इंग्रजीत शिकवतात. ऐकू येणारे मूल यातून आपली वाट सहज काढते. पण जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला कॉक्लियर इम्प्लांट बसवले, तर त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे? ‘मराठी सोडा, फक्त इंग्रजी बोला,’ असा सल्ला नातेवाइकांपासून शाळेपर्यंत कुणीही देतो. तो मानण्यापूर्वी हे यंत्र काय करते, ते पाहू.

यंत्राचे काम

आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेटोळ्यांचा एक भाग असतो. त्यातील सूक्ष्म केसपेशी आवाजाच्या कंपनांचे विद्युतसंदेश बनवतात आणि श्रवणतंतू ते मेंदूकडे नेतात. या पेशीच निकामी असतील, तर आवाज मोठा करणारे साधे श्रवणयंत्र फारसे उपयोगी पडत नाही. इम्प्लांट या पेशींना वळसा घालून पुढे जाते. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली चकती त्याचे संकेत त्वचेखालच्या भागाकडे पाठवते आणि शंखात सरकवलेली बारीक तार श्रवणतंतूंना थेट चेतवते. कंपनीनुसार या तारेवर साधारण 12 ते 22 इलेक्ट्रोड असतात.

मेलबर्नचे डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी 1978 मध्ये आपले अनेक इलेक्ट्रोडचे यंत्र पहिल्यांदा रुग्णाला बसवले. तार शंखात कशी सरकवावी, हे कोडे त्यांना आदल्या वर्षी समुद्रकिनारी सुटले, एका शंखात गवताची पाती सरकवून पाहताना! आपल्याकडे या शस्त्रक्रियेसाठी ओळखले जाणारे मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना 2014 मध्ये पद्मश्री मिळाली.

ऐकणे वेगळे, समजणे वेगळे

शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. त्या दिवशी मूल हसेल, ‘आई’ म्हणेल, अशी घरच्यांची आशा असते. पुष्कळदा ते घाबरून रडते. त्यात निराश होण्यासारखे काही नाही. तीन वर्षांच्या मुलाचे ‘ऐकण्याचे वय’ त्या दिवशी शून्य असते. तान्ह्या बाळाला पहिला शब्द बोलायला वर्षभर लागते, तेवढी सवड यालाही हवी. यंत्राचे वारंवार जुळवणीकरण, नियमित स्पीच थेरपी आणि जागेपणी सतत यंत्र लावणे, ही तिन्ही पथ्ये सांभाळावी लागतात.

आणि भाषा? आजचे तज्ज्ञ सांगतात की आईवडिलांना जी भाषा सहज येते, तीच मुलाशी बोलावी. ओढूनताणून बोललेल्या इंग्रजीत ना गोष्ट रंगते, ना लाड, ना रागावणे. एका भाषेचा पाया पक्का झाला की इम्प्लांट असलेली अनेक मुले दुसरी भाषाही शिकतात. तेव्हा आजीची मराठी घरातून हद्दपार करण्याचे कारण नाही. उलट ‘बघ, कुकरची शिट्टी झाली,’ ‘ही पोळी गरम आहे,’ असे दिवसभर बोलणारी आजी म्हणजे घरातली थेरपीच. मात्र थेरपिस्टला घरातली भाषा आधी सांगा आणि धडे त्या भाषेत कसे घ्यायचे, ते विचारा.

खुणांनाही शत्रू मानू नका. आंघोळीला, झोपताना यंत्र काढले की मूल पुन्हा निःशब्द जगात जाते. तेव्हा त्याच्याशी हातांनी बोलता आले, तर त्याला एकटे वाटत नाही.

घरच्यांनी हे जपावे

● ओरडू नका. जवळ येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, नेहमीच्या आवाजात पूर्ण वाक्य बोला.

● बोलताना टीव्ही आणि मिक्सर बंद ठेवा. एका वेळी एकानेच बोलावे.

● कळले नाही तर तेच वेगळ्या शब्दांत सांगा. ‘जाऊ दे, काही नाही’ असे कधीही म्हणू नका. सगळे हसत असताना आपल्यालाच विनोद कळला नाही, हे दुःख मोठ्या वयात इम्प्लांट बसवलेल्या आजोबांनाही तितकेच असते.

● कोणत्याही एमआरआय तपासणीआधी इम्प्लांटची माहिती द्या. मेट्रो स्थानकाच्या किंवा विमानतळाच्या तपासणी दारातून जाताना ओळखपत्र जवळ ठेवा.

● मेंदुज्वरापासून संरक्षण देणाऱ्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा.

● बॅटरी, वायर आणि पुढे प्रोसेसर बदलण्याचा खर्च आधीच हिशेबात धरा. पैशाअभावी यंत्र कपाटात पडून राहिले, तर शस्त्रक्रिया होऊनही मुलाला ऐकू येत नाही.

उशीर नको

बाळाच्या श्रवणाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा दंडक आहे. ‘याचे वडीलही उशिरा बोलले होते,’ असे म्हणत थांबू नका. मेंदूचा भाषा शिकण्याचा बहर पहिल्या काही वर्षांतच असतो. बंगळूरकरांना म्हैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था (स्थापना 1965) जवळची आहे, तर महाराष्ट्रातल्यांना मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था (स्थापना 1983). बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेतून मदत मिळू शकते. वयाच्या व उत्पन्नाच्या अटींची चौकशी मात्र आधी करावी.

शल्यविशारदाचे काम काही तासांत संपते. पुढची कित्येक वर्षे मुलाशी बोलत राहायचे असते ते घरानेच, आणि ते आपल्या भाषेत बोलावे.