विश्लेषण : सॉफ्टवेअर कंपनीतला ‘अप्रेंटिस’ शिकाऊ की कर्मचारी?

फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर कॅम्पसमधून ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना बाहेर पडावे लागले. त्यातल्या अनेकांची निवड २०२२ मध्ये झाली होती आणि रुजू होण्यासाठी त्यांनी जवळपास दोन वर्षे वाट पाहिली होती. अंतर्गत परीक्षा तीन प्रयत्नांत उत्तीर्ण व्हावी लागते, ही पद्धत दोन दशकांपासूनची आहे आणि करारात तसे लिहिलेले आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. पुण्यातील ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. कर्नाटकच्या कामगार विभागाने चौकशी केली, तेव्हा विभागाची भूमिका माध्यमांतून समोर आली ती अशी : ही मुले नियमित कर्मचारी नव्हती, हे अप्रेंटिसशिप प्रशिक्षण होते, त्यामुळे कपातीचे कायदे इथे लागू होत नाहीत.

म्हणजे सगळे प्रकरण एका शब्दावर येऊन थांबले. दरवर्षी हजारो अभियंते, बीसीए आणि बीएस्सी झालेली मुले ज्या शब्दावर सही करतात, तो शब्द नेमका काय देतो आणि काय काढून घेतो?

कायदा कोणासाठी लिहिला गेला?

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. तेव्हा डोळ्यांसमोर होते टर्नर, फिटर, वेल्डर. १९७३ मध्ये पदवी-पदविकाधारक अभियंते त्यात आले. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी सोडून इतर पदवीधरांनाही दार उघडले आणि कंपन्यांना स्वतःचे ‘ऐच्छिक व्यवसाय’ ठरवण्याची मुभा मिळाली. सॉफ्टवेअर कंपन्यांची वाट त्याने मोकळी झाली. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे.

या कायद्याचे कलम १८ सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. कलम २२ नुसार प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नाही. करारात तसे लिहिले असेल तरच ते येते. दुसरी बाजूही आहे. कराराची नोंदणी करावी लागते आणि शिकाऊ उमेदवार सल्लागाराच्या मंजुरीशिवाय जादा वेळ काम करून घेता येत नाही. रिलीजच्या आदल्या रात्री थांबलेल्या किती मुलांना हे माहीत असते, हा प्रश्नच आहे.

पैसे किती?

२०१९ च्या नियमांनी पदवीधरासाठी ठरवलेले किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण योजनेत, म्हणजे ‘नॅट्स’मध्ये, यातला निम्मा भार केंद्र उचलते, २०१६ पासूनच्या दुसऱ्या योजनेत, ‘नॅप्स’मध्ये, पाव हिस्सा, कमाल १,५०० रुपये. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवार परिषदेने ५,००० ते ९,००० ही श्रेणी ६,८०० ते १२,३०० करण्याची शिफारस केली. काही आयटी कंपन्या किमान रकमेपेक्षा जास्त देतात, हेही खरे. पण किमान रकमेवर हिंजवडीत काम करणाऱ्या मुलाचे पैसे वाकडमधली कॉट बेसिसवरची जागा, मेस आणि जाण्या-येण्यातच संपतात. लातूर किंवा चंद्रपूरहून आलेल्या मुलासाठी त्याचा अर्थ सरळ आहे : वर्षभर घरून पैसे येऊ शकत असतील तरच ही संधी घेता येते.

शिकणे नेमके कसे होते?

पहिले काही आठवडे लॅपटॉप, पासवर्ड, परवानग्या आणि सुरक्षेचे व्हिडिओ यांत जातात. मग समोर येतो खरा कोड. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये स्वतः लिहिलेल्या पाचशे-हजार ओळी असतात. इथे दहा वर्षांत पन्नास जणांनी लिहिलेल्या लाखो ओळी, त्यातले निम्मे लोक कंपनी सोडून गेलेले. पहिले तिकीट क्षुल्लक दिसते. स्क्रीनवरचा चुकीचा मजकूर बदलायचा किंवा तारखेचा फॉरमॅट सुधारायचा. बदल एका ओळीचा असतो, पण ती ओळ शोधायला दोन दिवस लागतात. मग कोड रिव्ह्यू : सीनियर वीस शेरे मारून परत पाठवतो. दुसऱ्याचा कोड वाचणे आणि आपल्या कोडवर इतरांनी बोट ठेवलेले सहन करणे, या दोन गोष्टी कुठलेही कॉलेज शिकवत नाही. चांगल्या अप्रेंटिसशिपचे मोल इथे आहे.

पण हे शेरे मारायला कोणाकडे तरी वेळ लागतो, आणि खरी अडचण तिथे आहे. आपल्या सेवा पुरवणाऱ्या आयटी कंपन्यांत बहुतेक तास ग्राहकाच्या बिलावर चढतात. शिकवण्याचा तास सहसा कोणाच्याच बिलावर चढत नाही. डेडलाइन जवळ आली की पहिला बळी जातो तो याच तासाचा. मग मुलगा सहा महिने व्हिडिओ पाहत बसतो, एक्सेलमध्ये टेस्ट केस भरतो किंवा सपोर्टची रात्रपाळी करतो. कागदावर तेही ‘सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट’च असते.

उलट टोकही तितकेच अन्यायाचे. हुशार मूल चार-पाच महिन्यांत कामाचे होते, पूर्ण तिकिटे सोडवू लागते. त्यानंतर ते करते ते काम ज्युनियर डेव्हलपरचे, आणि हातात पडते ते विद्यावेतन. त्यात आता लहानसहान दुरुस्त्या एआय साधने झटपट करतात. ज्या किरकोळ तिकिटांवर नवखे हात बसवत, ती त्यांच्यापर्यंत पोहोचणेच कमी होत आहे. नवख्याला शिकवायचे कशावर, हे टीम लीडना नव्याने ठरवावे लागणार आहे.

जर्मनीत १९९७ पासून ‘फाखइन्फॉर्माटिकर’ हा संगणक क्षेत्रातला रीतसर शिकाऊ अभ्यासक्रम आहे : साधारण तीन वर्षे, थोडे दिवस कंपनीत, थोडे व्यावसायिक शाळेत, आणि शेवटची परीक्षा घेते ती उद्योग-व्यापार मंडळ, कंपनी नव्हे. उत्तीर्ण झालेल्याचे प्रमाणपत्र देशभर चालते. आपल्याकडे अप्रेंटिसशिपचा काळ अनुभव म्हणून धरायचा की नाही, हे पुढची कंपनी ठरवते.

सही करण्याआधी

पहिला प्रश्न विचारायचा तो कराराच्या नोंदणीचा. नॅट्स किंवा अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर तुमच्या नावाचा करार दिसत नसेल, तर ऑफर लेटरवरचा ‘अप्रेंटिस’ हा नुसता शब्द आहे. मार्गदर्शक कोण, गेल्या तुकडीतले किती जण कायम झाले, मधल्या परीक्षांत नापास झाल्यास काय, बाँड आहे का, हेही लेखी मागावे. आणि ‘प्रशिक्षण शुल्क’ मागितले जात असेल तर तो क्लास समजावा. उमेदवारीत पैसे मिळायला हवेत.

नोंदणीचा मुद्दा आता आणखी वजनदार झाला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत अप्रेंटिसचा समावेश होता. १९६१ च्या कायद्याखाली आलेले तेवढे त्यातून वेगळे काढले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता ‘कामगार’ व्याख्येतून अप्रेंटिसना वगळते, पण कोणते? १९६१ च्या कायद्याच्या व्याख्येत बसणारे. म्हणजे असा करार ज्याच्याशी झालाच नाही आणि जो रोज ग्राहकाचा कोड लिहितो आहे, त्या ‘ट्रेनी’ला आपण कामगार आहोत असा दावा करायला जागा उरते. पुढच्या वेळी शंभर-दोनशे मुलांना एकदम घरी पाठवले जाईल, तेव्हा वाद याच मुद्द्यावर होईल.