मागचा लाल दिवा

नाशिकहून मालेगाव, धरा शंभर-एकशेपाच किलोमीटर. जाऊन-येऊन दोनशेच्या थोडं वर. सायकलवाल्यांच्या जगात हा फार सोयीचा आकडा आहे. लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा 'ब्रेव्हे' म्हणून जो प्रकार आहे, त्याची पहिली पायरीच २०० किलोमीटरची असते आणि ती साडेतेरा तासांत पार करायची असते. पुढे ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. नोव्हेंबर ते ऑक्टोबर अशा एका मोसमात चारही केल्या की तुम्ही 'सुपर रँडोनर'. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत आलात की झालं.

तेव्हा थंडी पडली की आमच्यासारख्या सोमवार ते शुक्रवार खुर्चीत बसणाऱ्या जमातीला या रस्त्याची आठवण येते. ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई, चांदवड, मग राहुडचा घाट उतरून उमराणे, सौंदाणे आणि मालेगाव. (येताना तोच घाट चढायचा असतो, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला कुणी सांगत नाही!) एप्रिल-मेमध्ये या रस्त्यावर दुपारी सायकल काढायचा विचारसुद्धा करू नये, मालेगावचा पारा बेचाळीसच्या वर सहज जातो. पण डिसेंबरात पहाटे निघालात तर पिंपळगावच्या बाजूला द्राक्षबागांमधून धूर दिसतो, थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी पेटवलेल्या शेकोट्यांचा. बोटं हँडलवर बधिर होतात, नाक गळायला लागतं, आणि तरी मजा येते. सूर्य वर आला की अंगावरचं एकेक कातडं सोलल्यासारखं जॅकेट, मफलर, कानटोपी काढत जायचं.

नाशिककरांना या बाबतीत जरा जास्तच मिरवायचा हक्क आहे म्हणा. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून 'रॅम', म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची जवळजवळ ४,८०० किलोमीटरची शर्यत, पुरी केली. २०१७ मध्ये नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पुरी केली. तेव्हापासून आपल्याकडे सायकल या शब्दाबरोबर डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते बदललं. लायक्रा, हेल्मेट, कार्बनची फ्रेम, हँडलवर जीपीएस. चांगलंच आहे. माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे.

३०० चं ब्रेव्हे करायचं तर मालेगावच्या पुढे पन्नासेक किलोमीटर धुळ्याला जाऊन परत फिरायचं. हिशोब केलात तर लक्षात येईल की पहाटे निघालेला मध्यम वेगाचा माणूस परतीला मालेगावात शिरतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते. हिवाळ्यात सहाला सूर्य गेलेला असतो, साडेसहाला चक्क काळोख. आणि नेमकी हीच यंत्रमागांची पाळी बदलायची वेळ.

ज्यांनी मालेगाव फक्त बातम्यांत पाहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: हे लुमांचं गाव आहे. मोसम पुलाच्या पलीकडे किदवाई रोडच्या बाजूला गेलात की बोलणं थांबवावं लागतं इतका खडखडाट. पाळी बारा-बारा तासांची, दिवसाची आणि रात्रीची. आठवड्याची सुट्टी रविवारी नाही, शुक्रवारी. (इथले हौशी सिनेमे जगप्रसिद्ध झाले ते 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या डॉक्युमेंट्रीमुळे. त्यात कॅमेरा सायकलवर बसवून ट्रॅकिंग शॉट घेतात. इथे सायकलनं काय काय वाहायचं याला धरबंध नाही.) पाळी सुटली की माणसांचा लोंढा बाहेर पडतो. काही पायी, पुष्कळ मोटारसायकलींवर, शेअर रिक्षात, आणि काही अजूनही सायकलवर. काळी, चोवीस इंची, मागे कॅरिअर, हँडलला डबा. यातले काही जण आसपासच्या वस्त्यांकडे जातात, आणि त्यासाठी कुठे ना कुठे हायवेला लागतात नाहीतर तो ओलांडतात. मनमाड चौफुली, चाळीसगाव फाटा, टेहरे चौफुली. त्याच रस्त्यानं आमचा ब्रेव्हेवाला येत असतो.

दोघं एकाच अंधारात, एकाच रस्त्यावर. आता फरक बघा.

ब्रेव्हेवाल्याच्या सायकलीला पुढे-मागे दिवा असतो, कारण तो नसेल तर अंधारात भाग घेऊच देत नाहीत. अंगात चमकणारं जॅकेट असतं. डोक्यावर हेल्मेट असतं. नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. शेजारून जाणाऱ्या मजुराच्या सायकलीला काय असतं? मडगार्डवर एक लाल काच, बहुतेक वेळा फुटलेली किंवा चिखलानं माखलेली. बस्स.

म्हणजे जो वर्षातून चार वेळा हौसेनं अंधारात जातो त्याच्यासाठी नियम, आणि जो रोज पोटासाठी जातो तो रामभरोसे. (किंवा अल्लाभरोसे. मालेगावात दोन्ही चालतं.)

सवयीप्रमाणे मी आकडेमोड केली. समजा घर ते लूम पाच किलोमीटर. रोजचे दहा, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २६०. वर्षाचे तीन हजारांच्या वर. सुपर रँडोनर व्हायला २०० + ३०० + ४०० + ६०० मिळून लागतात १,५००. म्हणजे हा माणूस दरवर्षी दोनदा सुपर रँडोनर होतो. पदक नाही, फोटो नाही. आणि तो याला सायकलिंग म्हणतच नाही, कामावर जाणं म्हणतो.

आणि असे लोक थोडेथोडके नाहीत. २०११ च्या जनगणनेत कामावर कसं जाता हे पहिल्यांदा नीट विचारलं गेलं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून जे वीसेक कोटी कामकरी होते, त्यातले १३ टक्के सायकलनं जाणारे निघाले. स्कूटर-मोटारसायकलवाल्यांपेक्षा किंचित जास्तच! तो आकडा आता जुना झाला, आणि तो खाली आला असणार हे रस्त्यावर उभं राहिलं तरी कळतं. पण खाली येऊनसुद्धा तो आपल्या सगळ्या क्लबांच्या सभासदांच्या कितीतरी पट असेल. रस्त्यावरच्या अपघातांत २०२२ या एका वर्षात देशभरात साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार मेले. त्यातले लायक्रावाले किती असतील?

आता दिव्याचा हिशोब, कारण माझा खरा मुद्दा तोच आहे.

ताशी ८० नं येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. ड्रायव्हरला काहीतरी दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. झाले ३३ मीटर. त्यानंतर चांगल्या ब्रेकची मोटार थांबायला आणखी पन्नासेक मीटर घेते, भरलेला ट्रक त्याहून जास्त. एकूण ८०-८५ मीटर. आणि डिपरवर चाललेल्या गाडीच्या उजेडात गडद शर्ट घातलेला, बिनदिव्याचा सायकलवाला किती लांबून दिसतो? चाळीस-पन्नास मीटर. गणित इथेच संपलं. ड्रायव्हर दारू प्यालेला असायची, झोपलेला असायची गरज नाही. शुद्धीवरचा, चांगला, बायकापोरं असलेला ड्रायव्हरसुद्धा थांबू शकत नाही. त्यात हिवाळ्यात भर म्हणजे गिरणेच्या बाजूला कधीमधी उतरणारं धुकं, आणि उमराण्याच्या मार्केटला लाल कांदा घेऊन निघालेल्या ट्रॉल्या. त्यांच्याही मागे दिव्याच्या नावानं बोंबच.

हाच सायकलवाला मागे छोटासा लुकलुकणारा लाल एलईडी लावून असेल तर कित्येकशे मीटरवरून दिसतो. किंमत दीड-दोनशे रुपये. आपल्या एका पिझ्झाच्या निम्मी.

गंमत अशी की हे आपल्या वडिलांच्या पिढीला माहीत होतं. दिव्याशिवाय सायकल चालवली की पोलीस पकडायचे, चाकातली हवा सोडायचे. लोक वैतागायचे, कंदील अडकवायचे, टायरला घासणारा बाटलीसारखा डायनॅमो बसवायचे. त्यानं पॅडल जड व्हायचं आणि सायकल थांबली की दिवा बंद, पण दिवा होता. मग पोलिसांचं लक्ष मोटारींकडे गेलं, डायनॅमो गंजले, काळ्या सायकलीची किंमत पाडता पाडता दिवा कुठेतरी गळून पडला. रस्ता मात्र तेवढ्यात दुपदरीचा चौपदरी झाला आणि ४० नं येणारे ट्रक ८० नं यायला लागले. तेव्हाचा आग्रा रोड, ३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आता ६० नंबरचा. जेव्हा दिव्याची खरी गरज कमी होती तेव्हा सक्ती होती. गरज वाढली तेव्हा सक्ती गेली.

सरकारनं अगदीच काही केलं नाही असंही नाही. सायकलींना परावर्तक असलेच पाहिजेत असा दर्जाविषयक आदेश २०२० मध्ये निघाला. चांगला आहे. पण तो नव्या विकल्या जाणाऱ्या सायकलींसाठी. मालेगावातली काळी सायकल वीस-वीस वर्षं चालते, तीन हातांतून फिरते. ज्या ॲटलसनं तशा सायकली बनवल्या, तिचा शेवटचा कारखाना जून २०२० मध्ये, तोही जागतिक सायकल दिनीच बंद पडला. सायकली अजून फिरताहेत. शिवाय परावर्तक म्हणजे दिवा नव्हे. त्याच्यावर उजेड पडला तर तो चमकणार, तेही स्वच्छ असेल तर.

आता तुम्ही म्हणाल, की यात आपण काय करणार? हे काम सरकारचं, महापालिकेचं, हायवेवाल्यांचं. आहेच. चौफुलीवर उजेड, दोन्ही बाजूंना सलग सर्व्हिस रोड, सायकल घेऊन ओलांडता येईल असा भुयारी मार्ग, हे मागत राहिलंच पाहिजे. आपले क्लब सायकल ट्रॅक मागतात ते नदीकाठी, बागेशेजारी. सकाळी सहा ते आठ वापरायला. मला विचाराल तर पहिला ट्रॅक चौफुलीपासून लुमांकडे जाणाऱ्या रस्त्याला हवा, पाळी सुटायच्या वेळी वापरायला. तो झाला तर हौशी लोक त्यावरून आपोआप जातीलच. उलटं कधी होत नाही.

पण ते होईपर्यंत दिव्याचं आपल्या हातात आहे. ब्रेव्हेच्या प्रवेशशुल्कात शंभर-दोनशे रुपये जास्त घ्यावेत आणि वाटेतल्या गावात तेवढे दिवे बसवून द्यावेत, असं मी दोन-तीन सायकलवाल्या मित्रांना सुचवलं. उत्तर आलं, "अरे, देऊ आपण, पण ते लोक विकून टाकतील." मला हा युक्तिवाद कळत नाही. हेल्मेट घरी विसरून येणारे आपल्यातही आहेत, म्हणून आपण हेल्मेटचा नियम काढला का? आणि समजा शंभरातले तीस विकले. विकत घेणारा तो शोकेसमध्ये ठेवणार आहे का? तोही कुठल्यातरी सायकलीलाच लागणार ना :-)

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. एक मित्र म्हणाला, "दोन वर्षांत तो जुनी मोटारसायकल घेईल, तुझे दिवे वाया." घेऊ दे की! बारा तास उभं राहून काम केलेल्या माणसानं पर्यावरणासाठी पॅडल मारत राहावं, ही अपेक्षा एसी ऑफिसात बसून करणं हा निर्लज्जपणा आहे. मला सायकल कितीही आवडो, ती त्याच्यावर लादायचा मला अधिकार नाही. पण ती दोन वर्षं त्यानं जिवंत काढायला हवीत. तेवढ्यापुरताच दिवा.

राहिले तुम्ही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी या थंडीत सायकल घ्यायची ठरवलंय, काहींनी घेतलीही असेल, आणि पहिलाच बेत दोनशेचा असेल. माझं ऐका, आधी महिनाभर तिच्यावरून दूध-भाजी आणा, ऑफिसला जा. हिवाळा त्यासाठी उत्तम, घाम येत नाही, त्यामुळे मीटिंगमध्ये शेजारचा नाक मुरडत नाही. दोनशे किलोमीटरला लागणारं बहुतेक सगळं इथेच शिकायला मिळतं. अंधारात खड्डा ओळखणं, मागून येणाऱ्या गाडीचा आवाज, ऑफिसला उशीर होत असताना पंक्चर काढणं, कुठल्या सीटवर काय दुखतं. साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे थांबे धरून ताशी पंधरासुद्धा नाही. काळ्या सायकलीला पुढे ४४ दाते, मागे १८ धरले तर एका फेऱ्यात साडेपाच मीटर जाते. मिनिटाला पन्नास फेरे मारले की झाले ताशी सोळा. लुमवरून घरी जाणारा माणूस घाई न करता याच वेगानं जातो. रोज चालवणारा माणूस ब्रेव्हेला घाबरत नाही. फक्त रविवारी चालवणारा राहुडच्या घाटात उतरून ढकलतो.

दिवे वाटायचे ठरलेच तर एक तांत्रिक सूचना. बाजारातले बहुतेक मागचे दिवे सीटच्या नळीला बांधायचे असतात. काळ्या सायकलीला ते उपयोगाचे नाहीत, तिथे मागे कॅरिअर आणि त्यावर बांधलेलं सामान आडवं येतं, दिवा दिसतच नाही. कॅरिअरच्या मागच्या टोकाला, नाहीतर मडगार्डवर परावर्तकाच्या जागी, पत्र्याची छोटी पट्टी आणि दोन नट-बोल्ट लावून पक्का बसवावा लागतो. रबरी पट्टा चालत नाही, उन्हाळ्यात तुटतो. बॅटरी साधी, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी 'ट्रिपल ए' हवी, चार्जिंगची नको. लूमवर चार्जिंगला लावलेला दिवा संध्याकाळी जागेवर असेलच असं नाही. बसवायचं काम चौफुलीवरच्या पंक्चरवाल्याला द्या, दिव्यामागे वीस रुपये त्याला द्या. सैल झाला की लोक त्याच्याकडेच जाणार आहेत.