विश्लेषण: विंडोज १०ची मुदत संपली, मेमरी महागली… कार्यालयासाठी ‘मिनी पीसी’ घ्यावा का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीसाठीची मोफत सुरक्षा अद्यतने थांबवली. त्याच सुमारास मेमरी चिपच्या किमती जगभर चढू लागल्या. पाच-सात जुने संगणक असलेले कर सल्लागाराचे कार्यालय, डीटीपीचे दुकान, पॅथॉलॉजी लॅब किंवा पतसंस्थेची शाखा यांच्यापुढे त्यामुळे अवघड हिशेब उभा राहिला आहे. जुने संगणक सुरू आहेत, पण विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही. नवे घ्यायचे तर दर वाढलेले. अशा वेळी दुकानदार हमखास पुढे करतो तो तळहातावर मावणारा ‘मिनी पीसी’. तो घेण्यात शहाणपण आहे का, आणि घ्यायचा तर काय तपासायचे?

‘मिनी पीसी’ म्हणजे नेमके काय?

ढोबळपणे सांगायचे तर पडदा, कीबोर्ड आणि बॅटरी काढून टाकलेला लॅपटॉप. इंटेलने २०१२-१३ मध्ये ‘नक’ या नावाने साधारण १० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या मदरबोर्डवरचा संगणक आणला आणि हा प्रकार रूढ झाला. जुलै २०२३ मध्ये इंटेलने त्यातून अंग काढून घेतले. आता ती मालिका असुस चालवते. दुसरा प्रकार कार्यालयांसाठीचा: लेनोव्होचा ‘टायनी’, एचपीचा ‘मिनी’, डेलचा ‘मायक्रो’. त्यांचे आकारमान एक लिटरच्या आसपास असल्याने त्यांना ‘वन लिटर पीसी’ म्हणतात. तिसरा ॲपलचा मॅक मिनी. याखेरीज ऑनलाइन बाजारात अनेक चिनी नाममुद्रा आहेत.

सरकारी नियम आड येतात का?

३ ऑगस्ट २०२३ रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध घातले तेव्हा बहुतेकांचे लक्ष लॅपटॉपवरच गेले. पण त्या अधिसूचनेत टॅब्लेट, ऑल-इन-वन आणि सर्व्हरबरोबर ‘अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर’ संगणकांचाही, म्हणजे याच वर्गाचा, उल्लेख होता. उद्योगाच्या विरोधानंतर अंमलबजावणी लांबली आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून परवाना सक्तीऐवजी ऑनलाइन आयात मंजुरीची व्यवस्था आली. ती पुढे मुदतवाढ देत चालू ठेवण्यात आली.

ई-कॉमर्सवरून टपाल किंवा कुरिअरने एक नग मागवण्यास सूट आहे, पण कर भरावा लागतो. सहा टेबलांसाठी सहा नग परदेशी संकेतस्थळावरून मागवू म्हणणाऱ्याला ही सूट उपयोगाची नाही. शिवाय भारतात विकल्या जाणाऱ्या संगणकाला आणि त्याच्या पॉवर ॲडॅप्टरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ॲडॅप्टरवर नोंदणी क्रमांक नसेल तर माल कोणत्या वाटेने आला, हे विक्रेत्याला विचारायला हवे. हमीच्या काळात यंत्र कोण दुरुस्त करणार, याचे उत्तरही बहुधा तिथेच मिळते.

मेमरी का महागली आणि त्याचा येथे काय संबंध?

जगातील डीरॅम मेमरीचा बहुतांश पुरवठा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती आहे. कृत्रिम प्रज्ञेच्या डेटा सेंटरना लागणारी ‘एचबीएम’ मेमरी त्यांना अधिक नफा देते, आणि तेवढ्याच क्षमतेसाठी तिला सिलिकॉन वेफरही जास्त लागते. उत्पादन तिकडे वळले आणि साध्या संगणकाच्या वाट्याला कमी आले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रूशियल’ हा ग्राहक व्यवसायच बंद करण्याची घोषणा केली. लॅपटॉप किंवा मिनी पीसीत रॅम वाढवताना देशातील असंख्य दुरुस्तीवाले याच नावाची पट्टी बसवत आले आहेत. नवा चिप कारखाना वर्षभरात उभा राहत नाही, त्यामुळे ‘थोडे थांबू, दर उतरतील’ या आशेवर फार विसंबता येत नाही.

मिनी पीसीच्या खरेदीचे जुने गणित यामुळे उलटले आहे. रॅम व एसएसडीविना मिळणारा ‘बेअरबोन’ संच स्वस्तात घ्यायचा आणि सुटे भाग बाहेरून टाकायचे, ही जाणकारांची आवडती युक्ती होती. आता संचाची जाहिरातीतील किंमत फसवी ठरू शकते. एकूण बेरीज करूनच तुलना करावी. अनेकदा कंपनीने आधी घेऊन ठेवलेल्या साठ्यातून बनवलेला पूर्ण संगणक स्वस्त पडतो.

दुसरा मुद्दा रॅम बदलता येण्याचा. ती पट्टीच्या स्वरूपात असेल तर आज १६ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी खाच रिकामी ठेवता येते. अंगभूत ग्राफिक्सला दोन पट्ट्यांचा फायदा होतो हे खरे, पण टॅली, एक्सेल आणि ब्राउझर चालवणाऱ्या कार्यालयात तो जाणवणार नाही. रॅम मदरबोर्डवर झाळलेली असेल तर मात्र खरेदीच्या दिवशी घेतलेला निर्णय शेवटचा. ८ जीबीत आज काम भागते, पण चार वर्षे ते यंत्र वापरायचे असेल तर मी ८ जीबीवर पैसे लावणार नाही.

प्रोसेसरच्या नावात काय दडलेले असते?

बरेच काही. स्वस्त मिनी पीसीत इंटेलचा ‘एन१००’ किंवा ‘एन१५०’ असतो. चार कोअर, केवळ ६ वॉटचे डिझाइन, आणि कोअर सगळे कमी वीज खाणाऱ्या प्रकारचे. बिलिंगचे काउंटर, टोकन दाखवणारा पडदा, एका वेळी एक-दोन कामे यांना तो छान पुरतो. पण ब्राउझरचे वीस टॅब, व्हिडीओ बैठक आणि मागे अँटिव्हायरस असा भार आला की तो दमतो. दिवसभर माणूस ज्यासमोर बसणार त्या टेबलासाठी कोअर आय३ किंवा रायझन ५च्या खाली उतरू नये.

एएमडीबाबत गंमत अशी की ७००० मालिकेत पहिला आकडा बाजारातले वर्ष सांगतो, आतल्या रचनेची पिढी तिसऱ्या आकड्यात असते. त्यामुळे ७५२० मध्ये ‘झेन २’, ७७३० मध्ये ‘झेन ३’ आणि ७८४० मध्ये ‘झेन ४’ रचना आहे. खोक्यावर सगळीकडे ‘७००० सिरीज’च छापलेले! ‘एआय पीसी’ या बिल्ल्यासाठी मात्र लेखा कार्यालयाने जास्तीचा रुपया मोजावा, असे सध्या तरी काही नाही.

जुना ‘वन लिटर’ घेतला तर?

मोठ्या कंपन्यांनी भाडेकरार संपल्यावर काढून टाकलेले टायनी, मिनी आणि मायक्रो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळतात. कमी पैशांत हा सर्वांत चांगला पर्याय असू शकतो. फसगतही इथेच जास्त होते. विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागते. पिढी ओळखायची ती जोडरेषेनंतरच्या आकड्यावरून: आय५-८५००टी चालेल, आय५-७५००टी किंवा ६५००टी चालणार नाही. शेवटचा ‘टी’ म्हणजे ३५ वॉटचा प्रकार. अट चुकवून सातव्या पिढीवर विंडोज ११ टाकून देणारे विक्रेते आहेत. यंत्र सुरू होते, काही दिवस अद्यतनेही येतात. मात्र मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही. मग विंडोज १०चेच दुखणे नव्या खोक्यात घेऊन येण्यात अर्थ काय?

विंडोजचा परवाना अस्सल आहे का, हेही पाहावे. मोठ्या संस्थेसाठीचा सामूहिक परवाना किरकोळ विक्रीच्या यंत्रात घातलेला आढळतो. नवा असो वा जुना, अनोळखी नाममुद्रेच्या संगणकावर एसएसडी पुसून विंडोज स्वतः नव्याने टाकणे उत्तम. काही मिनी पीसींमध्ये कारखान्यातूनच हेरगिरीचे सॉफ्टवेअर आल्याचे २०२४च्या सुरुवातीला उघड झाले होते.

मॅक मिनी परवडतो का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या एम४ मॅक मिनीची भारतातील सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती, १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवणुकीसह. व्हिडीओ संकलन, डिझाइन, प्रोग्रामिंग करणाऱ्यांसाठी या आकारात त्याच्याशी स्पर्धा कठीण आहे. मेमरी पुढे वाढवता येत नाही. लहान कार्यालयासाठी खरी अडचण वेगळीच: टॅलीप्राइम हे विंडोजचे सॉफ्टवेअर आहे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, मराठी टंकलेखनाचा नेहमीचा कीबोर्ड आणि जुने फॉन्ट मॅकवर चालतात का, हे पैसे देण्याआधी प्रत्यक्ष जोडून पाहावे लागेल.

विजेची बचत किती?

जुना टॉवर सरासरी ६० वॉट आणि मिनी पीसी १५ वॉट खातो असे धरू. रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस याप्रमाणे १०८ युनिट वाचतात. १२ रुपये युनिट धरले तरी वर्षाला सुमारे १,३०० रुपये. ३० हजारांचे यंत्र केवळ वीजबचतीतून फिटायला दोन दशके लागतील, त्यामुळे विक्रेत्याचे ते गणित बाजूला ठेवावे. फायदा आहे तो वीज जाते तेव्हा. मिनी पीसीत लॅपटॉपसारखी बॅटरी नसते, म्हणजे यूपीएस हवाच. पण संगणक आणि पडदा मिळून ४० वॉट लागत असतील, तर साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवरही, बॅटरी नवी असल्यास, अर्धा-पाऊण तास निघू शकतो.

खर्चाच्या बाजूने पाहता, संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याचे इनपुट क्रेडिट मिळते, अर्थात बिल जीएसटी क्रमांकासह असेल तरच. प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो.

लगेच सगळे बदलायलाच हवे का?

तसे नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १०ची वाढीव सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. संस्थांना ती तीन वर्षे विकत घेता येतात; पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, म्हणजे १२२ आणि २४४ डॉलर. पहिल्या वर्षाचे पैसे भरून ज्या यंत्रावर बँकिंग आणि ग्राहकांची माहिती आहे तेवढीच आधी बदलणे, हा मध्यम मार्ग अनेकांना झेपणारा आहे. दुसऱ्या वर्षाचे शुल्क मात्र जुन्या यंत्रावर खर्च करू नये. तेवढी रक्कम रिफर्बिश्ड मिनी पीसीच्या किमतीत मोठा वाटा उचलते. आणि जुना टॉवर भंगारात देण्याआधी त्यातील डिस्क काढून घ्यावी. त्याच्या रॅमच्या पट्ट्या मिनी पीसीत बसत नाहीत, लांबी वेगळी असते. बंद पडलेल्या लॅपटॉपमधील डीडीआर४ पट्टी मात्र आठव्या पिढीच्या ‘वन लिटर’मध्ये बहुधा चालून जाते.