निष्ठेची झडती

निवडणुकीचा निकाल लागला कीं पराभूत पक्षानें आपल्या चुकांचा हिशेब मांडावा, ही लोकशाहीची साधी रीत आहे. परंतु अलीकडे आपल्या उपनगरांत एक निराळीच रीत रूढ होऊं पाहत आहे. पराभवाचें कारण उमेदवाराच्या कारभारांत न शोधतां तें मतदाराच्या धर्मांत शोधावयाचें, आणि ज्यानें आपणांस मत दिलें नाहीं त्याच्या देशनिष्ठेचीच झडती घ्यावयाची! ही रीत अन्यायाची तर आहेच. पण तींत आपलेंहि अहित कसें आहे, हें सुशिक्षित वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

२०२४ सालच्या लोकसभेच्या निवडणुकीचेंच उदाहरण घेऊं. मुलुंड, घाटकोपर, मानखुर्द-शिवाजीनगर हे भाग ज्यांत मोडतात, त्या ईशान्य मुंबईंत भारतीय जनता पक्षाचे मिहिर कोटेचा यांचा सुमारे तीस हजार मतांनीं पराभव झाला. मुलुंडनें त्यांस दिलेली आघाडी मुसलमानांची वस्ती मोठी असलेल्या मानखुर्द-शिवाजीनगरानें पुसून टाकली. लागलीच ‘व्होट जिहाद’ हा शब्द महाराष्ट्राच्या सभांतून घुमूं लागला. आतां शेजारचा मतदारसंघ पाहा. बोरिवली ज्यांत येते त्या उत्तर मुंबईंत त्याच पक्षाचे पीयूष गोयल त्याच निवडणुकींत साडेतीन लाखांहून अधिक मतांनीं विजयी झाले. तेथेंहि वस्त्याच्या वस्त्या एकाच चिन्हामागें उभ्या राहिल्या. बोरिवलीच्या निष्ठेचा प्रश्न मात्र कोणीं काढला नाहीं, आणि काढूंहि नये. मग एके ठिकाणीं जें जनमत, तेंच दुसऱ्या ठिकाणीं कारस्थान कसें ठरतें?

यावर असें उत्तर मिळतें कीं, ‘ते लोक गठ्ठ्यानें मत देतात.’ गठ्ठ्यानें मत कोण देत नाहीं? ज्ञातिमंडळें देतात, व्यापाऱ्यांचे संघ देतात, गृहनिर्माण संस्थांचे सभासदहि चिटणिसाच्या घरीं बैठक भरवून एकमतानें ठरवितात. ज्या पक्षानें आपल्या दाराशीं मत मागावयास पाऊल टाकलें नाहीं, उलट आपला पाणउतारा केला, त्यास मत न देणें हें व्यवहारज्ञान झालें. तो द्रोह नव्हे. पक्ष निराळा, देश निराळा. हा भेद ज्याला कळत नाहीं, त्यानें दुसऱ्याची देशभक्ति तोलावयास तागडी हातीं घेऊं नये.

आपला कायदा या बाबतींत मोठा मार्मिक आहे. घटनेच्या तिसऱ्या परिशिष्टांत निष्ठेची शपथ आहे, ती उमेदवारासाठीं! मतदाराकडून अशी शपथ कोणी मागत नाहीं. त्याचें मतहि गुप्त राखलें जातें. कारण या व्यवहारांत परीक्षा उमेदवाराची असते आणि परीक्षक मतदार असतो. नापास झालेल्या विद्यार्थ्यानें परीक्षकाचें कुलशील विचारावें, तसा हा प्रकार आहे.

न्यायालयांनीं जो विवेक शिकविला तोहि आपल्याच उपनगरांतील खटल्यांवरून, हें वाचकांस आठवत असेल. १९८७ सालच्या विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकींत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. त्यांच्या प्रचारांत धर्माच्या नांवानें मतें मागितलीं गेलीं, म्हणून १९८९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें ती निवडणूक रद्द केली आणि १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. त्याच प्रकरणाच्या पोटीं बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांपुरता गेला. पुढें सांताक्रूझच्या १९९० सालच्या निवडणुकीवरून निघालेल्या अभिराम सिंग यांच्या खटल्यांत, २ जानेवारी २०१७ रोजीं, सात न्यायाधीशांच्या पीठानें बहुमतानें ठरविलें कीं, केवळ उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नांवानें केलेलें आवाहनहि भ्रष्ट आचरण होय.

हा नियम दोहोंकडे सारखा लागू आहे. एप्रिल २०२४ मध्यें ‘व्होट जिहाद’चें आवाहन केलें तें उत्तर प्रदेशांतील फर्रुखाबादच्या सभेंत समाजवादी पक्षाच्याच एका मुसलमान कार्यकर्तीनें. तें निंद्य होतें. मशिदींतून वा देवळांतून मताची आज्ञा सुटूं लागली, तर तिचा निषेध आम्ही सारख्याच कठोरपणें करूं. परंतु बोलणाराचा अपराध ऐकणाराच्या माथीं मारणें, आणि तोहि शेंकडों कोस दूर असलेल्या मानखुर्दच्या मजुराच्या माथीं, हा कोणता न्याय?

कोणी १९०९ सालच्या विभक्त मतदारसंघांची आणि फाळणीची आठवण देईल. ती आठवण खरी आहे. पण गोष्ट तेथेंच संपत नाहीं. १९४९ सालीं घटना समितींत धार्मिक अल्पसंख्यांच्या राखीव जागा सोडून देण्याचा निर्णय झाला. हरेंद्रकुमार मुखर्जी या ख्रिस्ती सभासदांनीं त्याचा पुरस्कार केला. बेगम ऐजाझ रसूल यांनीं तर राखीव जागा मुसलमानांनाच घातक आहेत, असें सांगितलें. बहुसंख्यांच्या सद्भावावर विसंबून त्यांनीं हातचें संरक्षण सोडलें. मोबदल्यांत त्यांस काय मिळालें? इतरांच्या बरोबरीचें एक मत. आतां त्या मतावरहि संशयाचा शिक्का मारणें म्हणजे त्या करारांतील आपल्या बाजूचा शब्द मोडणें होय.

आणि आपण मराठी माणसांनीं तरी हें बोलूं नये. बेळगांवचा मराठी मतदार कर्नाटकांत अल्पसंख्यच आहे. महाराष्ट्र एकीकरण समितीस तो वर्षानुवर्षें मत देत आला, तें गठ्ठ्यानेंच. २००५ सालीं तेथील महापालिकेनें महाराष्ट्रांत सामील होण्याचा ठराव केला, तेव्हां कर्नाटक सरकारनें महापालिकाच बरखास्त केली. त्या वेळीं आपण संतापानें म्हणालों कीं, मनासारखें मत देणें हा गुन्हा नव्हे. तेंच वाक्य मानखुर्दच्या मतदारासाठीं उच्चारतांना आपली जीभ कां अडखळावी?

अंधेरीच्या एखाद्या शाळेंत मतदानाच्या दिवशीं जी रांग लागते, तींत बुरखा असतो, कपाळावर कुंकू असतें, गळ्यांत क्रूस असतो. दारांतला अधिकारी प्रत्येकाच्या बोटास एकाच बाटलींतली शाई लावतो. दुसऱ्या दिवशीं गॅलरींत बसून त्यांतील कांहीं बोटें खरीं आणि कांहीं खोटीं ठरवूं लागणाऱ्या आपल्याच आप्तेष्टास सौम्यपणें, पण स्पष्टपणें थांबविणें, एवढें तरी सुशिक्षित कुटुंबांना अशक्य नाहीं.