माजी सैनिकाचे घर कोण तपासणार?

माजी सैनिकांना निवृत्तीची रक्कम एकदम मिळते, त्यांना घराची कसली चिंता, हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मुळीच पटले नाही. बहुतेक जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात. ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचा भाग विकून आलेला पैसा एकाच फ्लॅटमध्ये जातो. तो फसला, तर दुसरा घ्यायची ऐपत उरत नाही.

वारज्यात आमच्या इमारतीचा ताबा मिळाल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात जिन्याच्या भिंतींना ओल आली, प्लास्टरचे पोपडे सुटले. बिल्डर वरून रंग मारून मोकळा झाला! रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. शेजाऱ्यांनो, तोंडी सांगत बसू नका, लेखी कळवा.

पण दोष खरेदीपूर्वीच सापडलेला बरा. अमेरिकेत माजी सैनिकाच्या गृहकर्जाला सरकारी हमी देण्यापूर्वी घर राहण्याजोगे आणि सुरक्षित आहे का, हे पाहतात. आपल्याकडे बँक मुख्यतः कागदपत्रे आणि किंमत बघते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने स्थापत्य अभियंत्यांची यादी करून खरेदीपूर्वी माफक शुल्कात तपासणीची सोय करावी, ही माझी कळकळीची मागणी आहे.

– एक माजी सैनिक, वारजे माळवाडी