सिलिंडर आणि शेजारधर्म

अतिपरिचयानें अवज्ञा होते, हा अनुभव माणसांप्रमाणेंच वस्तूंच्या बाबतींतही येतो. चुलींतील निखारा लहान मूलही हातीं धरीत नाहीं. परंतु स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत निमूटपणें उभ्या असलेल्या गॅसच्या सिलिंडरचें भय मोठ्यांसही वाटत नाहीं. त्यास तांबडा रंग दिलेला असतो खरा. पण त्या रंगाचा अर्थ आपण केव्हांच विसरून गेलों आहों.

त्याच्या पोटांत काय आहे, हें विद्यार्थ्यांनीं प्रथम नीट समजून घ्यावें. नेहमींच्या घरगुती सिलिंडरांत १४.२ किलोग्रॅम प्रोपेन व ब्यूटेन हे वायु दाबाखालीं द्रवरूप करून भरलेले असतात. या द्रवाचा एक लिटर बाहेर पडला, तर त्याचा सुमारें २५० लिटर वायु होतो. हा वायु हवेहून जड असल्यामुळें धुरासारखा वर न जातां पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, गटारांत व तळघरांत उतरतो; आणि दूर कोठें ठिणगी सांपडली, कीं ज्वाळा मागें फिरून उगमापर्यंत येते. त्यास स्वतःचा वास नाहीं. आपणांस जो दुर्गंध येतो, तो मर्कॅप्टन नांवाचें द्रव्य मुद्दाम मिसळल्यामुळें येतो. ती पहारेकऱ्याची हांकच समजावी. सिलिंडर कधींही कांठोकांठ भरीत नाहींत. उन्हानें द्रव फुगला, तर त्यास जागा असावी म्हणून वर पोकळी ठेवितात. सिलिंडर उभा असला, म्हणजे तोंडाशीं वायु राहतो. आडवा पाडला, कीं तेथें द्रव येतो व गळतीचें स्वरूप कितीतरी पटींनीं उग्र होतें.

या गोष्टी कायद्यास ठाऊक नाहींत असें नाहीं. १८८४ च्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्याखालीं गॅस सिलिंडरांचे नियम २०१६ मध्यें नव्यानें करण्यांत आले. त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचें मुख्य कार्यालय आपल्या नागपुरांतच आहे. भरलेला सिलिंडर सायकलीवरून अथवा दुचाकी मोटारगाडीवरून नेऊं नये. तो आपटूं नये, घसरवूं नये, त्याच्याशीं खेळूं नये. द्रवरूप वायूचा सिलिंडर उभाच ठेवावा. १०० किलोग्रॅमहून अधिक सांठा परवान्यावांचून करूं नये, असें हे नियम सांगतात. आतां कोणत्याही गांवच्या रस्त्यावर घटकाभर उभें राहून पाहावें. स्कूटरवर पाय ठेवण्याच्या जागीं आडवा सिलिंडर, आणि तो पायानें दाबून धरणारा शाळकरी मुलगा, हें दृश्य आपणांस नवें नाहीं. खाणावळीच्या मागील बोळांत १९ किलोंचे सहा सिलिंडर दाटीनें उभे असतात. त्यांचें वजन ११४ किलो होतें, हें गणित चौथीच्या मुलासही येईल.

निष्काळजीपणाचें फळ केवढें भयंकर असतें, हें मदुराई येथें २६ ऑगस्ट २०२३ रोजीं दिसून आलें. लखनौहून यात्रेकरूंना घेऊन निघालेला एक खास डबा तेथें उभा होता. नियम मोडून आंत आणलेल्या सिलिंडरवर पहाटे चहा करण्यांत येत असतां आग लागली व नऊ जीव गेले. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यान्वयें असा धोकादायक माल गाडींत नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. परंतु कैदेचें भय मागाहून काय कामाचें? ज्यांनीं चहाचा पेला मागितलाही नसेल, तेही त्याच डब्यांत होते.

“आम्हांस सर्व माहीत आहे” असें म्हणणाऱ्यांनीं स्वीडनच्या गुस्ताफ दालेनचें चरित्र वाचावें. दीपस्तंभांसाठीं लागणारा ॲसिटिलीन वायु सच्छिद्र द्रव्याच्या योगानें निर्धोकपणें सांठविण्याची युक्ति यानेंच सिद्धीस नेली. तरी १९१२ मध्यें प्रयोग चालू असतां स्फोट होऊन त्याची दृष्टि कायमची गेली. त्याच वर्षीं त्यास पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण तें स्वीकारावयास त्याच्या भावाला जावें लागलें. वायु विद्वानास ओळखीत नाहीं, मग आपली काय कथा!

कित्येक पालक म्हणतात, “सिलिंडर घरीं येण्यास विलंब लागतो, तोंवर उपाशी राहावें काय?” अडचण खरी आहे. परंतु तिचा उपाय विक्रेत्याकडे मागावा, अथवा टेंपोंत सिलिंडर उभा बांधून आणावा. मुलाच्या मांड्यांमध्यें नव्हे. दुसरे कांहीं म्हणतात, “होणारें चुकत नाहीं, देवाची इच्छा.” हें मला मुळींच मान्य नाहीं. जें आपल्या हातून टळण्याजोगें होतें, तें परमेश्वराच्या माथीं मारणें ही भक्ति नव्हे. अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत नवें घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी खालीं पडून मेला, तर रक्तपाताचा दोष घरावर येतो. त्या काळीं धोका धाब्यावर होता, आज तो ओट्याखालीं आहे; आज्ञा मात्र तीच आहे. एका भिंतीपलीकडे निजलेल्या शेजाऱ्यासाठीं जो आपला सिलिंडर सांभाळीत नाहीं, त्याचें शेजारप्रेम प्रार्थनामंदिराच्या दाराशींच संपलें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेंच काम सांगतों. आज घरीं जाऊन सिलिंडरच्या वरच्या कड्याखालील पट्टीवर आंतून पाहा. तेथें ए, बी, सी, डी यांपैकीं एक अक्षर व सालाचे अंक असतील. हीं अक्षरें वर्षाच्या चार तिमाही दर्शवितात. ‘ए २७’ म्हणजे २०२७ च्या पहिल्या तिमाहींत फेरतपासणीची मुदत. मुदत टळलेला सिलिंडर आईवडिलांस सांगून परत करवा. वास आल्यास विजेचें बटण चालूही करूं नका व बंदही करूं नका. दारें-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करण्यास मोठ्या माणसास सांगा, बाहेर जा, आणि तेथून १९०६ या क्रमांकावर दूरध्वनि करा. तहान लागल्यावर विहीर खणतां येत नाहीं. आग लागल्यावर तर नियम वाचावयासही वेळ मिळत नाहीं.