काच भरत आली आहे, इंटरनेट नाही

मे २०१५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत शास्त्रज्ञांची बैठक भरली आणि ब्रिटिश वृत्तपत्रांनी मुहूर्तच जाहीर करून टाकला: आठ वर्षांत इंटरनेट तुंबणार. हिशेबाने तो मुहूर्त २०२३ चा. तो आला तसा गेला, जगाचे नेट चालूच राहिले. तेव्हापासून दुसऱ्या टोकाची मंडळी निर्धास्त आहेत. फायबरमधून जातो तो प्रकाशच, त्याला कसली आलीय मर्यादा, असा त्यांचा सूर. साथीला जाहिरातींतले ‘अनलिमिटेड’ आहेच.

पहिल्या पक्षाची चूक उतावळेपणाची. त्या बातम्या ज्यांच्या बोलण्यावर बेतल्या होत्या ते अ‍ॅस्टन विद्यापीठाचे अँड्र्यू एलिस बोलत होते ते एका फायबरपुरते, म्हणजे काचेच्या एका तंतूपुरते. प्रयोगशाळेत एकाच तंतूत आणखी डेटा बसवणे अशक्यप्राय होऊ लागले आहे आणि तिथली प्रगती बाजारात यायला सहा-आठ वर्षे लागतात, एवढाच त्यांचा मुद्दा. मथळ्यांतून ‘एका तंतूत’ हे शब्द गळाले. तंतू भरला तर शेजारी दुसरा टाकता येतो, हे कुणी सांगितले नाही.

दुसरा पक्ष जास्त फसवा, कारण त्याच्या हातात इतिहास आहे. १९८८ साली अटलांटिकखालून गेलेल्या टॅट-८ केबलमधली तंतूंची एक जोडी सेकंदाला २८० मेगाबिट वाहत असे. २०१८ मधल्या मारेआ केबलची एक जोडी सुमारे २० टेराबिट वाहते. तीस वर्षांत सत्तर हजारपट! मग ही चढण थांबेल कशाला?

थांबली आहे, म्हणून. मारेआत ८ जोड्या, मूळ क्षमता १६० टेराबिट. गुगलच्या ड्युनांत १२ जोड्या, २५०. मेटाच्या अंजानात २४ जोड्या, ४८०. भागाकार करून पाहावा. एका जोडीच्या वाट्याला प्रत्येक वेळी विसाच्या आसपासच येतात. केबली वाढल्या त्या तंतूंची संख्या वाढल्यामुळे.

याचे मूळ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सूत्रात आहे. गोंगाटाच्या तुलनेत संदेशाची ताकद दुप्पट केली म्हणून क्षमता दुप्पट होत नाही. एका चिन्हात चाराऐवजी आठ बिट कोंबायचे, तर ताकद सुमारे सोळापट लागते. बरे, लावावी तेवढी ताकद, तर काच आडवी येते. प्रकाश प्रखर झाला की काचेचा अपवर्तनांकच बदलतो आणि एकाच तंतूतून शेजारशेजारच्या तरंगलांबींवर जाणारे संदेश एकमेकांना बिघडवू लागतात. बेल लॅब्जच्या पार्थ मित्रा आणि जेसन स्टार्क यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये हाच हिशेब मांडला होता: एका बिंदूपुढे ताकद वाढवली, तर क्षमता घटू लागते.

यावर प्रतिपक्षाचे ठेवणीतले अस्त्र म्हणजे जपानचा विक्रम. तिथल्या एनआयसीटी संस्थेने २०२४ मध्ये साध्या फायबरमधून सेकंदाला ४०२ टेराबिट पाठवले. विक्रम खराच, पण अंतर ५० किलोमीटरचे, आणि वापरलेला तरंगलांबीचा पट्टा नेहमीच्या कितीतरी पट रुंद. अटलांटिक ओलांडायला मारेआला सहा हजारांवर किलोमीटर जावे लागते, वाटेत शंभराच्या आसपास अ‍ॅम्प्लिफायर लागतात आणि प्रत्येक जण संदेशाबरोबर आपला गोंगाटही पुढे ढकलतो. संगणकाने विकृती उलट सोडवता येते, हेही खरे. गोंगाटात मिसळून गेलेला भाग मात्र सुटत नाही.

मग खरी स्थिती काय? सीमा आहे, आणि तिच्याभोवतीचा रस्ता पैशांनी व विजेने मोजायचा आहे. समुद्रतळाच्या अ‍ॅम्प्लिफायरना वीज मिळते ती किनाऱ्यावरून, केबलमधल्याच वाहकातून, हजारो व्होल्ट दाबाने; ती हवी तेवढी वाढवता येत नाही. म्हणून आहे ती वीज थोड्या तंतूंत प्रखरपणे ओतण्यापेक्षा अनेक तंतूंत मंदपणे वाटणे फायद्याचे, हेही शॅननचेच गणित. ड्युनांपासून हीच रीत पडली. गुगल आणि एनईसी यांनी तैवान–फिलिपिन्स–अमेरिका केबलसाठी एकाच तंतूत प्रकाश वाहणारे दोन गाभे घालण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले, तेही याच हिशेबाने.

काचेची ही अडचण खऱ्या अर्थाने टाळू पाहतो तो पोकळ गाभ्याचा फायबर. त्यात प्रकाश हवेतून जातो, त्यामुळे संदेशांची आपसातली ढवळाढवळ नगण्य होते. साउदॅम्प्टन विद्यापीठातून निघालेली ल्युमेनिसिटी ही त्यातली कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये विकत घेतली. आशा ठेवायची तर तिथे ठेवावी. पण आज समुद्रतळाशी पडलेल्या केबली भरीव काचेच्याच आहेत, आणि त्यांतल्या नव्या केबलींचीही एकेक जोडी अजून वीस टेराबिटच्या आसपासच घुटमळते आहे.